ईएसआयचा प्रसूती लाभ: सत्तर दिवस नेमके कोणत्या महिन्यांतले?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पगारपत्रके तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. बाळंतपणाच्या रजेबद्दल मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न ‘किती पैसे मिळतील’ हा नाही, तर ‘मला मिळेल का’ हा आहे, आणि तो बहुधा सातवा महिना लागल्यावर, डोहाळजेवण उरकून माहेरी जायची पिशवी भरून झाल्यावर विचारला जातो. तोपर्यंत पात्रतेचा निकाल लागून गेलेला असतो, कारण ज्या महिन्यांतल्या हजेरीवर हा प्रसूती लाभ, म्हणजे बाळंतपणाच्या रजेतले पैसे, ठरतो ते महिने केव्हाच सरलेले असतात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की पहिल्या सोनोग्राफीच्या कागदावर बाळंतपणाची अपेक्षित तारीख लिहून मिळाली की त्याच आठवड्यात हा हिशोब मांडावा. त्याला दहा मिनिटे लागतात, आणि काही चुकले असेल तर दुरुस्त करायला हाताशी पाच-सहा महिने उरतात.

हिशोबाआधी एक गोष्ट पाहून घ्यावी लागते, ती म्हणजे आपले नाव या योजनेत आहे का. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेला कारखाना ईएसआयखाली, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येतो, आणि त्यातील महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येक कामगाराची नोंद करणे मालकावर बंधनकारक आहे. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे, आणि अपंगत्व असलेल्या कामगारांसाठी ती २५,००० रुपये आहे. मर्यादेत बसतो की नाही हे पाहताना ओव्हरटाइमची रक्कम धरायची नसते, मात्र ओव्हरटाइमवर वर्गणी कापली जाते. जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. १५,००० रुपये पगार असेल तर स्लिपवर ११३ रुपयांची कपात दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर पुढचे काही वाचण्याआधी ऑफिसात जाऊन कारण विचारावे. कपात होत असेल, पण आपला दहा अंकी विमा क्रमांक कोणी सांगितलेला नसेल, तर तो मागून घ्यावा आणि ई-पहचान कार्डाची, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्राची, प्रत घरी ठेवावी.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या स्त्रियांनी ‘आमची नोंद ठेकेदाराकडे, कंपनीचा संबंध नाही’ हे उत्तर मान्य करू नये. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे ज्या कारखान्याच्या आवारात आपण राबतो त्याची आहे. कुपवाड, मिरज, शिरवळ आणि तासवडे इथल्या पॅकिंग, शिलाई आणि निवडणीच्या कामांत ठेक्यावरच्या बायकाच जास्त दिसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने मोठ्या संख्येने आहेत आणि तिथल्या स्त्रिया हमखास विचारतात की आमच्याकडे ईएसआय का नाही. कायद्याने हंगामी कारखाने या योजनेतून वगळले आहेत, आणि निव्वळ साखर किंवा गूळ तयार करणारा कारखाना त्या व्याख्येत येतो. तिथे प्रसूती लाभ नसतो असा याचा अर्थ मुळीच नाही. तो ईएसआय चालवणाऱ्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाऐवजी थेट मालकाने द्यायचा असतो, आणि त्याची अट वेगळी आहे: अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे. हा नियम मूळचा १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातला आहे. ईएसआयचा मूळ कायदा १९४८ चा. हे दोन्ही कायदे आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. ८० दिवस आणि ७० दिवस या दोन आकड्यांची गल्लत पगार विभागातली माणसेही करतात, तेव्हा आपण कोणत्या रांगेत उभ्या आहोत हे आधी नक्की करावे. पुढचे सर्व विवेचन ईएसआयचे, म्हणजे ७० दिवसांचे आहे, आणि ते कर्मचारी राज्य विमा नियमांतील हिशोबाला धरून आहे.

दोन खिडक्या

ईएसआयमध्ये वर्षाचे दोन वर्गणी कालावधी असतात. पहिला १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि दुसरा १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. प्रत्येक वर्गणी कालावधीला तीन महिने सोडून येणारा एक लाभ कालावधी जोडलेला असतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ कालावधी पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनचा, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा १ जुलै ते ३१ डिसेंबरचा. मधले तीन महिने का सोडले, याची चर्चा इथे करत नाही, पण ते सोडलेले आहेत हे मात्र पक्के लक्षात ठेवावे लागते, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

प्रसूती लाभाची अट अशी: बाळंतपण ज्या लाभ कालावधीत होते किंवा होणे अपेक्षित आहे, त्याच्या लगत आधीच्या सलग दोन वर्गणी कालावधींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी देय झालेली असावी. हे वाक्य वाचून कोणालाही काही उमगत नाही, असा माझा अनुभव आहे. तारखा घातल्या की लगेच उमगते.

समजा अपेक्षित तारीख १२ मार्च २०२६ आहे. ही तारीख जानेवारी ते जून २०२६ च्या लाभ कालावधीत पडते. त्याला जोडलेला वर्गणी कालावधी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२५ चा, आणि त्याच्या मागचा १ ऑक्टोबर २०२४ ते ३१ मार्च २०२५ चा. म्हणजे १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ या बारा महिन्यांत ७० दिवस भरले पाहिजेत. ऑक्टोबर २०२५ पासून बाळंतपणाला जाईपर्यंत तिने एकही खाडा न करता काम केले, तरी त्यातला एक दिवसही या पात्रतेत धरला जात नाही. उलट, ऑक्टोबरनंतर उलट्यांचा त्रास झाल्यामुळे तिला घरीच बसावे लागले, तरी आधीच्या बारा महिन्यांतले तिचे ७० दिवस कोणी काढून घेऊ शकत नाही. ‘दिवस गेल्यावर सुट्ट्या घेतल्या, आता लाभ बुडाला’ अशी भीती घेऊन माझ्यापुढे रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींचे दिवस आधीच भरलेले होते.

अपेक्षित तारीख जुलै ते डिसेंबर २०२६ मध्ये असेल, तर खिडकी, म्हणजे दिवस मोजण्याचे हे बारा महिने, सरकते: १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. सहामाहीच्या सीमेवर, म्हणजे जूनच्या शेवटच्या किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात तारीख असेल, तर दोन्ही हिशोब करून पाहावेत. नियमात ‘झाले किंवा होणे अपेक्षित आहे’ असे दोन्ही शब्द आहेत, तेव्हा अपेक्षित तारीख २८ जून होती आणि प्रत्यक्ष बाळंतपण ३ जुलैला झाले, तर ज्या खिडकीत दिवस भरतात ती दाखवून दावा मांडता येतो. महामंडळाच्या शाखा कार्यालयात हे आपणहून सांगावे लागते.

दिवस सलग असण्याची अट नाही आणि एकाच मालकाकडचे असण्याचीही नाही. ज्या दिवसांचे वेतन देय आहे ते सर्व दिवस मोजले जातात. महिन्याच्या पगारावर असलेल्या स्त्रीच्या हिशोबात पगारी साप्ताहिक सुट्टी, पगारी सण आणि पगारी रजा यांचेही दिवस येतात, त्यामुळे तिचे ७० दिवस अडीच महिन्यांच्या नोकरीत होऊन जातात. हजेरीवर काम करणाऱ्या स्त्रीचे मात्र ज्या दिवसांचा हजेरीपट भरला तेवढेच दिवस. तिला महिन्याला बावीस-तेवीस दिवस धरले तर सव्वातीन महिने लागतात, आणि काम आठवड्यातून तीनच दिवस मिळत असेल तर त्याहून बरेच जास्त.

पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या स्त्रिया

आयुष्यात प्रथमच विमा नोंद झालेल्या कामगाराचा पहिला वर्गणी कालावधी कामाला लागल्याच्या दिवसापासून सुरू होतो, आणि त्याचा लाभ कालावधी त्या दिवसापासून नऊ महिने पुरे झाल्यावर सुरू होतो. १० जून २०२५ ला शिरवळच्या एखाद्या कारखान्यात लागलेली मुलगी घेऊ. तिचा पहिला वर्गणी कालावधी १० जून ते ३० सप्टेंबर २०२५, म्हणजे ११३ दिवसांचा. महिन्याचा पगार असेल तर ७० दिवस सहज भरतात. तिचा लाभ कालावधी १० मार्च २०२६ ला सुरू होऊन ३० जूनला संपतो. एप्रिल किंवा मे २०२६ मधले बाळंतपण पात्र ठरते, फेब्रुवारीतले नाही.

तीच मुलगी २० ऑगस्ट २०२५ ला लागली असती, तर ३० सप्टेंबरपर्यंत तिला ४२ दिवसच मिळाले असते आणि जून २०२६ मधल्या बाळंतपणाला ते कमी पडले असते. जुलै २०२६ नंतरच्या बाळंतपणाला मात्र ऑक्टोबर ते मार्चचे दिवसही जोडले जातात आणि प्रश्न मिटतो. कामाला लागण्याची तारीख एवढी महत्त्वाची असल्यामुळे मालकाने ती खरी लिहिली आहे का, हे पहिल्याच महिन्यात पाहावे. दोन-तीन महिने ‘ट्रायलवर’ ठेवून नंतर नाव चढवण्याची जी सवय काही ठिकाणी आहे, तिचा फटका नेमका इथे बसतो. कायदा ट्रायल मानत नाही. वेतन देय झाले त्या दिवसापासून वर्गणीही देय होते. त्या महिन्यांची हजेरी, वेतनाची पावती किंवा बँकेत जमा झालेली रक्कम असे काहीही हाती असेल तर ते जपून ठेवावे.

नियमातला ‘देय’ हा शब्द विमाधारक स्त्रीच्या बाजूचा आहे. मालकाने पैसे कापून भरले नाहीत, किंवा उशिरा भरले, म्हणून तिचा हक्क मरत नाही. मालकाच्या चुकीमुळे लाभ अडला तर महामंडळाने तो देऊन मालकाकडून वसूल करण्याची तरतूद आहे. कागदोपत्री हे सोपे वाटते, पण प्रत्यक्षात शाखेतल्या संगणकावर शून्य दिवस दिसत असताना आपली हजेरी सिद्ध करायला दोन-तीन महिने धावावे लागते. म्हणून मालकाने भरलेल्या वर्गणीची नोंद ईएसआयच्या पोर्टलवर किंवा सरकारच्या उमंग ॲपवर आपल्या विमा क्रमांकाने दर तीन महिन्यांनी पाहण्याची सवय लावावी. प्रत्येक महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, तेव्हा महिनाभर उशिराने पाहिले तर दिसायला हवी.

दोन क्रमांकांची गोष्ट

एक प्रकरण जवळून पाहिलेले सांगते. तासगावकडची एक बाई आमच्या पॅकिंग विभागात ऑगस्टमध्ये लागली. त्याआधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती दुसऱ्या एका युनिटमध्ये होती आणि मधले काही महिने घरी. आमच्याकडच्या नोंदीत ऑगस्ट-सप्टेंबरचे ३९ दिवस होते. बाळंतपण फेब्रुवारीत अपेक्षित. दावा केला तेव्हा उत्तर आले की ७० दिवस होत नाहीत, आणि ती निमूटपणे परत गेली. पुढे तिच्या नवऱ्याने घरातल्या पत्र्याच्या पेटीतून एक दुमडलेला कागद आणून दाखवला: जुन्या युनिटने दिलेले तात्पुरते ओळखपत्र, त्यावर वेगळाच विमा क्रमांक, आणि नाव माहेरच्या आडनावासह. जुन्या क्रमांकावर ४४ दिवस होते. चव्वेचाळीस आणि एकोणचाळीस मिळून त्र्याऐंशी. तिला लाभ मिळायला हवाच होता आणि शेवटी मिळालाही, पण दोन क्रमांक जोडून घेण्याचे पत्र, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला हे सगळे होईपर्यंत मूल रांगायला लागले होते. चूक तिची नव्हती. नवीन कामावर घेताना ‘आधी ईएसआय होते का’ असे तिला विचारायला हवे होते, ते आमच्याकडून राहिले, याची खंत मला आजही आहे.

विमा क्रमांक आयुष्यभरासाठी एकच असतो. कारखाना बदलला, गाव बदलले, लग्न झाले तरी तोच. नवीन ठिकाणी पहिल्या दिवशी तो सांगावा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर आधार, बँक खाते आणि ईएसआयची नोंद या तिन्ही ठिकाणी एकच नाव एकाच स्पेलिंगने आहे का हे बाळंतपणाच्या बरेच आधी पाहावे, कारण पैसे थेट बँक खात्यात जमा होतात आणि नावातला फरक दाव्याला अडवतो. खाते स्वतःच्या नावाचे असावे आणि त्याचा आयएफएससी क्रमांक बदलला असेल, बँकांच्या विलीनीकरणामुळे तसे पुष्कळ झाले आहे, तर तोही नव्याने नोंदवावा.

किती आठवडे, किती रक्कम

पात्र स्त्रीला २६ आठवडे लाभ मिळतो. त्यांतले जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. आधी हयात असलेली दोन किंवा अधिक मुले असतील तर हा काळ १२ आठवड्यांचा होतो आणि त्यातले जास्तीत जास्त ६ आठवडे आधीचे. ‘हयात’ या शब्दाकडे लक्ष द्यावे, झालेली बाळंतपणे मोजायची नाहीत. तीन महिन्यांहून लहान मूल कायदेशीररीत्या दत्तक घेणाऱ्या आईला, तसेच सरोगसीतून मूल मिळणाऱ्या आईला, मूल हाती आल्यापासून १२ आठवडे मिळतात. गरोदरपण, बाळंतपण किंवा अपुऱ्या दिवसांचे मूल यांमुळे आजारपण आले आणि डॉक्टरांनी तसा दाखला दिला, तर आणखी एक महिन्यापर्यंतची मुदत वाढते.

गर्भपात झाल्यास सहा आठवडे. पण इथे थांबून एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण दुःखात असलेल्या बाईला ती कोणी सांगत नाही. गर्भपात म्हणजे २६ व्या आठवड्यापर्यंत गर्भ पडणे. २६ आठवडे उलटून गेल्यानंतर बाळंतपण झाले आणि बाळ मृत जन्मले, तरी कायद्याच्या भाषेत ती प्रसूतीच आहे, आणि तिला प्रसूतीचा संपूर्ण लाभ मिळतो. आठव्या महिन्यात बाळ दगावलेल्या एका मुलीला ‘मूलच नाही तर रजा कसली’ असे सुपरवायझरने सांगितलेले मी ऐकले आहे. ती दहाव्या दिवशी कामावर आली होती. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर गर्भाचे आठवडे लिहिलेले असतात. ते कार्ड फाडून किंवा टाकून देऊ नये, घरातल्या कोणीतरी समजदार माणसाने ते जपून ठेवावे. आईचेच निधन झाले आणि बाळ जगले, तर उरलेल्या संपूर्ण काळाचा लाभ तिने नेमलेल्या वारसाला मिळतो.

रक्कम सरासरी दैनिक वेतनाच्या शंभर टक्के असते. सरासरी काढताना संबंधित वर्गणी कालावधीतले एकूण वेतन त्या वेतनाच्या दिवसांनी भागतात. महिना १५,००० रुपये घेणाऱ्या स्त्रीचे एप्रिल ते सप्टेंबरचे वेतन ९०,००० आणि दिवस १८३; भागाकार सुमारे ४९२ रुपये. २६ आठवड्यांचे १८२ दिवस धरले तर जवळपास ८९,५०० रुपये होतात. हजेरीवर ४२० रुपये रोजाने सहा महिन्यांत १५० दिवस काम केलेल्या स्त्रीची सरासरी ४२० रुपयेच राहते, आणि लाभ रविवारसकट सर्व दिवसांचा मिळत असल्यामुळे तिला १८२ दिवसांचे ७६,४४० रुपये मिळतात. तिच्या सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष कमाईपेक्षा, म्हणजे ६३,००० रुपयांपेक्षा, ही रक्कम जास्त आहे. ‘रोजंदारीवाल्यांना ईएसआयचा काय उपयोग’ असे म्हणत कपात नको म्हणणाऱ्या बायकांना मी हाच हिशोब कागदावर मांडून दाखवते. ज्या दिवशी मोबदला घेऊन काम केले त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, आणि एकाच दिवसाचा आजारपणाचा लाभ व प्रसूती लाभ असे दोन्ही घेता येत नाहीत.

पगार वाढला, नोकरी सुटली

वर्गणी कालावधीच्या मध्यात पगार २१,००० च्या वर गेला तरी तो कालावधी संपेपर्यंत कपात चालू राहते. मे २०२५ मध्ये पगार २२,००० झालेली स्त्री ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत योजनेत असते. ऑक्टोबरपासून तिची कपात थांबते, पण मार्च २०२६ मधल्या बाळंतपणासाठी मोजायची खिडकी सप्टेंबरलाच संपत असल्यामुळे ती ईएसआयकडेच दावा करू शकते. त्यानंतरच्या काळात तिला मालकाकडून प्रसूती लाभ मिळतो. मधल्या मध्ये ‘तुम्ही ईएसआयमध्ये नाही आणि आमच्याकडे तशी रजा नाही’ हे उत्तर कोणत्याही महिन्यासाठी खरे असू शकत नाही. दोघांपैकी एकावर जबाबदारी असतेच.

नोकरी सुटलेल्या स्त्रीलाही हाच न्याय आहे. विमाधारक म्हणजे जिची वर्गणी देय आहे किंवा होती आणि त्यामुळे जिला लाभाचा हक्क आहे ती. खिडकीतले ७० दिवस भरले असतील तर बाळंतपणाच्या वेळी नोकरी चालू नाही एवढ्यावरून लाभ नाकारता येत नाही. पोट दिसायला लागल्यावर ‘तूच राजीनामा दे’ म्हणून गळ घातली जाते, तेव्हा हे माहीत असणे फार मोलाचे ठरते. राजीनामा तर देऊच नये, कारण प्रसूती लाभाच्या काळात कामावरून काढण्यास कायद्याने मनाई आहे, पण दिला असेल तर लाभही गेला असे समजून गप्प बसू नये.

माहेरी जाण्यापूर्वी

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि कुपवाडला काम करणाऱ्या बाईचे माहेर जतला, आटपाडीला किंवा माण-खटावच्या एखाद्या वाडीवर असते. दाव्यासाठी लागणारे दाखले मात्र ईएसआयच्या डॉक्टरांकडून यायचे असतात. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या कार्डावर ज्या सेवा दवाखान्याचे किंवा पॅनल डॉक्टरांचे नाव आहे त्यांच्याकडे जाऊन गरोदरपणाची नोंद करावी, अपेक्षित तारखेचा दाखला घ्यावा आणि बाळंतपण कुठे होणार आहे ते सांगून ठेवावे. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यात झाले तर तिथले डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल आणि बाळाचा जन्मदाखला परत आल्यावर आपल्या ईएसआय डॉक्टरांना दाखवून प्रसूतीचा दाखला घेता येतो. महामंडळ योग्य कारण असल्यास दुसरा पुरावाही मान्य करू शकते. ईएसआयची वैद्यकीय सोय नसलेल्या ठिकाणी बाळंतपण झाले, तर त्याच्या खर्चापोटी ७,५०० रुपये वेगळे मिळतात, ते दोन बाळंतपणांपर्यंत. पुरुष विमाधारकाच्या पत्नीलाही ते लागू आहेत, हे इथल्या अनेक कामगारांना ठाऊक नसते.

लाभाच्या अर्जाचा नमुना क्रमांक १९ आहे. तो शाखा कार्यालयात देता येतो किंवा पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. त्यात काम बंद केल्याची तारीख विचारलेली असते, आणि ती मालकाच्या हजेरीपटाशी जुळली पाहिजे. सहीसाठी ऑफिसात गेलात तर हजेरीपटावरची शेवटची हजेरी स्वतः डोळ्यांनी पाहून मगच तारीख लिहावी. माहेरी जाण्याच्या गडबडीत शेवटचा अर्धा दिवस भरलेला असतो, तो एकीकडे हजर आणि दुसरीकडे रजा असा चढतो, आणि तेवढ्यावर अर्ज परत येतो. दाव्याला देय झाल्यापासून बारा महिन्यांची मुदत आहे, पण बाळ सव्वा महिन्याचे झाले की घरातल्या कोणाला तरी कामाला लावून कागद पोहोचते करावेत हे बरे.

शाखेतून तोंडी ‘बसत नाही’ असे उत्तर आले तर तिथून उठू नये. नकार लेखी मागावा, आणि त्यात कोणते दोन वर्गणी कालावधी धरले व त्या प्रत्येकात किती दिवस मोजले हे लिहून द्यायला सांगावे. तो कागद घरी आणून आपल्या पगारस्लिपांशी महिन्यागणिक ताडून पाहावा. फरक सापडला तर मालकाकडून दुरुस्त हजेरीचे पत्र घेऊन पुन्हा अर्ज करावा, आणि तरीही नकारच आला तर कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागता येते, तिथेही पहिला कागद तोच लागतो.